छतावर मॅच दाखवायची आहे, छोटा प्रोजेक्टर कोणता बघू? (ठाणे)

गोकर्णी | शुक्रवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. सध्या बसायला बंदी. दिवसातून दोनदा पट्टा लावून थोडं चालायचं, बाकी आडवं. टीव्ही हॉलमध्ये आणि बाबा आतल्या खोलीत, त्यामुळे मोबाईल छातीवर उभा धरून बघतात. मग हात भरून येतो आणि मोबाईल नाकावर पडतो. काल पडला, चष्म्याची काडी वाकली.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सुचवलं की छोटा प्रोजेक्टर घ्या आणि सरळ छतावर मारा. ऑनलाइन बघायला बसले तर डोकं गरगरलं. पाच हजारांच्या डब्यावर ९००० ल्युमेन आणि पन्नास हजारांच्या डब्यावर २००. म्हणजे स्वस्तातला पंचेचाळीसपट उजेड देतो? काहीतरी गफलत आहे एवढं मलाही कळतं.

आमची माहिती: नौपाड्यातली जुनी इमारत, खोली १० बाय ११, छत साडेनऊ फुटांवर, पांढरा डिस्टेंपर, एका बाजूला ओलीचा डाग (वरच्या मजल्याची कृपा). मधोमध पंखा. बजेट वीस हजार, फार तर पंचवीस. बाबा बघणार क्रिकेट, यूट्यूबवरची जुनी नाटकं आणि रात्रीच्या बातम्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (कोटी मुद्दाम केलेली नाही.)

कोपरीचा_कावळा | रात्री ११:०२

वाचनखूण साधली. आमच्याकडेही एक आडवा माणूस आहे. फक्त तो पंचविशीचा आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही.

सानपाडा_स्लो | रात्री ११:२०

ताई, ते ९००० वालं घेऊ नका. मी घेतलंय. दिवसा पडदे ओढूनही बॅटिंग कोण करतंय ते कळत नाही, बॉल तर सोडाच. रात्री बरं दिसतं, पण आतला पंखा असा घोंघावतो की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, मिक्सर कोणी चालू ठेवलाय? शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर विकायला टाकला. तीन महिन्यांत एक अंगठा आला, तोही सेक्रेटरींचा. ते सगळ्यालाच अंगठा देतात.

अर्धवट_अभियंता | शनिवार, सकाळी ७:१५

गोकर्णीताई, गफलत शब्दांतच आहे. डब्यावर नुसतं 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' लिहिलं असेल तर तो आकडा आतल्या दिव्याचा, आणि तोही बऱ्याचदा मनातला. भिंतीवर किती उजेड पोचतो याच्याशी त्याचा संबंध नाही. आपण बघायचे ते अ‍ॅन्सी ल्युमेन, किंवा हल्ली काही कंपन्या आयएसओ ल्युमेन लिहितात ते. ते मोजायची रीत ठरलेली आहे आणि तशीच काहीशी मोजणी घरी करता येते. मी केली.

१६:९ चित्राची रुंदी १३३ सेंमी आणि उंची ७५ सेंमी ठेवली की क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर भरतं. म्हणजे साठ इंची चित्र. भिंतीवर मास्किंग टेपने तेवढा चौकोन आखला, त्यात तीन गुणिले तीन अशी नऊ घरं पाडली. रात्री सगळे झोपल्यावर मिट्ट काळोख केला, प्रोजेक्टरवर कोरं पांढरं चित्र लावलं आणि लक्स (म्हणजे भिंतीवर पडणारा उजेड) मोजायचं फुकटचं अ‍ॅप घेऊन प्रत्येक घराच्या मध्यावर मोबाईलची पाठ भिंतीला टेकवून धरली. सेन्सर समोरच्या बाजूला, फोन कानाला लावतो तिथे असतो. आपली सावली पडू द्यायची नाही. पहिल्या फेरीत मी डोकंच मध्ये घातलं होतं आणि आकडा ३ आला. नऊ आकड्यांची सरासरी काढायची. क्षेत्रफळ एक असल्यामुळे सरासरी लक्स म्हणजेच ल्युमेन, गुणाकाराचीही कटकट नाही.

चुलतभावाच्या ९००० वाल्याचे आकडे, वरून खाली:

९६, १२१, ८८
११८, १६४, १०९
९२, १२७, ८४

बेरीज ९९९, सरासरी १११. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, वीस-पंचवीस टक्के इकडचे तिकडे धरा. पण कुठे ९००० आणि कुठे १११! शिवाय मधल्या घरात १६४ आणि कोपऱ्यात ८४, म्हणजे कोपऱ्यांना निम्माच उजेड. आणि स्कोअर नेमका कडेलाच असतो.

आता १११ म्हणजे अगदीच टाकाऊ का? तर नाही. साध्या पांढऱ्या भिंतीवरचे लक्स भागिले ३.१४ केले की डोळ्याला दिसणारी चकाकी निटमध्ये मिळते. इथे साधारण ३५ निट. थिएटरच्या पडद्यासाठी ठरलेलं प्रमाण ४८ निट आहे, म्हणजे काळोखात साठ इंचांवर हे चित्र बघण्यासारखं होतं. टीव्ही मात्र अडीचशे-तीनशे निट सहज देतो. त्याच प्रोजेक्टरवर हौसेने शंभर इंच केलंत की तोच उजेड पावणेतीनपट जागेवर पसरतो आणि १३ निट उरतात. सानपाडा_स्लो, तुम्ही शंभर इंच केलं होतं ना?

दुसरं म्हणजे, प्रोजेक्टरला काळा रंग पाठवता येत नाही. तो फक्त उजेड पाठवतो. भिंत त्या क्षणी जेवढी काळी, तेवढाच चित्रातला काळा. ट्यूबलाइट चालू असेल तर सगळ्यांचे केस राखाडी दिसणार.

तुमच्यासाठी: खरे २०० ते ३०० अ‍ॅन्सी ल्युमेन, मूळ रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, आणि साठ इंचांच्या वर जायचं नाही.

सानपाडा_स्लो | सकाळी ८:०५

केलं होतं. १२० इंच. 🙈

नेरूळची_नणंद | सकाळी ९:४०

'मूळ रिझोल्यूशन' हा शब्द सोन्याचा आहे. 'फोर के सपोर्ट' याचा अर्थ एवढाच, की फोर के फाइल दिलीत तर हा नाकारणार नाही. आतली काच बऱ्याचदा १२८० बाय ७२० चीच असते, म्हणजे नऊ लाख बिंदू. फुल एचडीत वीस लाख आणि फोर केमध्ये त्र्याऐंशी लाख. स्वस्तातल्या काहींत तर ८०० बाय ४८० असतं. बातम्यांची खालची पट्टी वाचता येत नाही मग.

आणखी एक: नेटफ्लिक्स. यंत्र प्रमाणित नसेल तर अ‍ॅप चालतच नाही, किंवा चाललं तर चित्र पुसट येतं. मोबाईलवरून मिररिंग केलं तर आवाज येतो आणि चित्र काळं. आमच्या सासूबाईंना वाटलं रेडिओ लागलाय. उपाय सोपा आहे, टीव्हीला लावतात ती स्टिक एचडीएमआयला खोचायची. स्टिकचा रिमोटही मोठ्या माणसांना सोपा पडतो. यूट्यूबला ही भानगड नाही.

मुक्काम_पोस्ट_पाचपाखाडी | सकाळी १०:१२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं फॅड आहे. वीस हजारांत चांगला ४३ इंची टीव्ही येतो. २०२५ च्या सप्टेंबरात ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हापासून तर आणखीच परवडतो. हलत्या हाताचा ब्रॅकेट लावा, खाली झुकवा, झालं काम. प्रोजेक्टर घेणाऱ्या दहातले आठ जण पहिल्या महिन्यानंतर तो कपाटात ठेवतात, हे माझं निरीक्षण.

गोकर्णी | सकाळी १०:४५

राग नाही. पण सपाट झोपून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही बघायला मान उचलावी लागते, आणि नेमकं तेच करायचं नाही. जीएसटी प्रोजेक्टरचाही तेवढाच उतरला ना?

मुक्काम_पोस्ट_पाचपाखाडी | सकाळी १०:५३

हो, त्याचाही २८ चा १८ झाला. मान उचलायची नसेल तर माझा मुद्दा मागे. पण मग दोन-चारशे रुपयांचा प्रिझमचा चष्मा मिळतो, झोपून सरळ वर बघितलं की पायाकडचं दिसतं. आधी तो आणून बघा की.

गोकर्णी | सकाळी ११:३०

आणला होता हो! बाबांचा नंबर मोठा आहे. चष्म्यावर चष्मा बसत नाही, आणि वीस मिनिटांत मळमळायला लागलं त्यांना.

खारघर_उतार | दुपारी १:२५

सगळे उजेडावर बोलताहेत, पंख्यावर कोणीच नाही. आमच्या पिंटूच्या खोलीत छतावर तारे-ग्रह दाखवायचे म्हणून मी हा उद्योग केलाय. पंखा हाच खरा शत्रू.

तुमचं गणित मांडून बघितलं. अकरा फूट म्हणजे ३३५ सेंमी. पंखा मधोमध, ४८ इंची असेल तर पात्याचं टोक मध्यापासून ६० सेंमीवर. म्हणजे पात्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत छताची १०७ सेंमी पट्टी मोकळी. १३३ बाय ७५ चं चित्र त्यात आडवं आरामात बसतं. म्हणजे अभियंता म्हणतात ते साठ इंच पंख्याच्या हिशोबानेही बरोबर बसतात.

पण पुढे गंमत आहे. बहुतेक छोट्या प्रोजेक्टरना चित्राच्या रुंदीच्या सुमारे १.२ पट अंतर लागतं. १३३ गुणिले १.२ म्हणजे १६० सेंमी. छत २९० वर, म्हणजे भिंग जमिनीपासून १३० सेंमीवर हवं. नुसत्या बुटक्या टेबलावर ठेवलात तर चित्र नव्वद इंचांच्या आसपास होऊन पंख्यात घुसेल, आणि सगळे फलंदाज पात्यांवरून गरगरतील. डिजिटल झूमने चित्र लहान करता येतं, पण त्यात बिंदूही जातात आणि उजेडही. कीस्टोनचंही (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायची सोय) तेच. तेव्हा ट्रायपॉड घ्या. खाली कॅमेऱ्यासारखा पाव इंची आटा आहे का, एवढं घेण्याआधी बघा.

आणि ऑटो-फोकस, ऑटो-कीस्टोन, अडथळा टाळणे ही सगळी हुशारी एकदा चित्र लावून झालं की बंद करा. आमच्याकडे पंखा पाचवर गेला की याला वाटायचं समोर कोणीतरी आलंय, आणि ऐन शनीच्या कड्यांवर परत मापं घ्यायला लागायचा.

वाशी_सेक्टर_नऊ | दुपारी ३:००

खारघर_उतार यांना +१. सरळ वर तोंड करून चालवणार असाल तर एक तपासा: हवा खेचायची जाळी मागे किंवा बुडाला असते. ट्रायपॉडवर टेकवून उभा केला आणि जाळी झाकली गेली तर अर्ध्या तासात तापून बंद पडेल. म्हणून मूळच्याच दांडीवर वर-खाली फिरणारी जात बघा. २०२२ साली सॅमसंगने फ्रीस्टाइल आणला, तो असा १८० अंशांत फिरणारा, वजन ८३० ग्रॅम. तुमच्या बजेटबाहेर आहे, पण आता तशाच घाटाचे स्वस्त पुष्कळ मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर मारा, तिथे चालू करून दाखवतात.

माझा जुना धंदा कॅमेरे उघडण्याचा, म्हणून दुसरं सांगतो. खाडीकाठी पावसाळ्यात कुठल्याही भिंगावर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी, आधी कोपऱ्यातून. छोट्या प्रोजेक्टरचं भिंग उघडून पुसायची सोय नसते. तेव्हा 'कपाटात ठेवतात' हे पाचपाखाडीकरांचं निरीक्षण इथे लागू आहे. रोज तासभर चालणारा प्रोजेक्टर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो, कपाटातला सडतो. वापरात नसेल तर जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदला. धुळीचंही तेच, घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी तर आतला भाग सीलबंद असलेलाच घ्यावा. एलसीडीवर आत गेलेला एक कण चित्रात वाटाण्याएवढा डाग होऊन बसतो.

कळवा_ट्रेकर | दुपारी ४:४०

बॅटरीवाला घ्या ना, लाईट गेली तरी मॅच चालू. अँकरचा कॅप्सूल ३ कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा आहे, २०० अ‍ॅन्सी, अडीच तास चालतो.

अर्धवट_अभियंता | सायंकाळी ५:१०

कळवेकर, अडीच तासांत टी-ट्वेंटीसुद्धा पुरी होत नाही. घरात प्लगवर चालणार असेल तर बॅटरीचे पैसे उजेडात घालावेत. अधूनमधून लागलीच तर यूएसबी-सीवर चालणारा प्रोजेक्टर आणि पॉवर बँक. पण २०,००० एमएएच ऐकून हुरळू नका, ते ३.७ व्होल्टला असतात, म्हणजे ७४ वॉट-तास. गळती वजा जाता साठ-एक उरले. चाळीस वॉटचा प्रोजेक्टर दीड तास.

ताई, जवळ असाल तर उद्या सायंकाळी माझाच घेऊन येतो. ऐरोलीहून पूल उतरलं की मुलुंड, पुढे अर्धा तास. २५० अ‍ॅन्सी लिहिलंय त्यावर, माझ्या मोजणीत २१५ आला. घेण्याआधी बाबांना चालतंय का ते तरी कळेल.

कोपरीचा_कावळा | सायंकाळी ५:३०

यालाच म्हणतात माणूसपूर्ण धागा. नाहीतर एव्हाना कोणीतरी राजकारण आणलं असतं.

गोकर्णी | सोमवार, रात्री ९:३५

अर्धवट_अभियंता आणि वहिनी काल येऊन गेले. आणलेल्या अळुवड्यांचा इथे जाहीर उल्लेख.

आधी फजिती सांगते. ट्रायपॉड लावला, १३० सेंमी मोजली, पायाकडच्या भिंतीलगत चित्र पाडलं, झकास. आम्ही चौघं खोलीत उभे, माना वर, वा वा. बाबा म्हणाले, "उलटं आहे." आम्हाला वाटलं औषधाची गुंगी. मग मी त्यांच्या शेजारी आडवी झाले आणि खरंच उलटं! उताणं झोपल्यावर 'वर' म्हणजे डोक्याकडची बाजू. चित्राचं डोकं बाबांच्या डोक्याकडे हवं, पायांकडे नव्हे. आम्ही नेमकं उलट लावलं होतं. सेटिंगमध्ये जाऊन फिरवलं. आता दारातून येणाऱ्याला सगळे खेळाडू डोकं खाली पाय वर दिसतात, आणि आलेला प्रत्येक पाहुणा दुरुस्त करायला जातो.

पंखा तीनवर चालू होता, चित्राला लागला नाही. दिवसा मात्र पडदे ओढूनही फिकंच, चार वाजता बाबांनी "राहू दे" म्हटलं. साडेसहानंतर मस्त. आवाज सुरुवातीला ब्लूटूथ स्पीकरवर घेतला, तर बॅट लागल्यावर एक क्षण थांबून टक् ऐकू यायचं. वायर लावली, मिटलं. स्पीकर उशीशीच ठेवलाय, म्हणून प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघरही जाणवत नाही.

एक लक्षात आलं ते आजी-आजोबावाल्यांनी वाचावं: माझी चार वर्षांची भाची आली आणि थेट भिंगात डोकावायला गेली. उंचीवर असल्यामुळे पोचली नाही. टेबलावर ठेवला असता तर डोळाच लावला असता.

एकवीस हजारांत घेतला शेवटी. नाव मुद्दाम लिहीत नाही, पंधरा दिवस वापरून मग लिहीन. घरी आल्यावर टेप लावून नऊ घरं मोजली, नवऱ्याने वहीत आकडे घेतले. डब्यावर ३००, आमची सरासरी २४६.

सानपाडा_स्लो | रात्री ९:५०

२४६ म्हणजे बरंच प्रामाणिक म्हणायचं. छतावरच्या ओलीच्या डागाचं काय केलंत?

गोकर्णी | रात्री १०:०४

तो चित्रातच येतोय, खालच्या डाव्या बाजूला. रंगवून घेऊ म्हटलं. बाबा म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू, सध्या तिथे फाइन लेगला एक माणूस उभा आहे असं धरतो. काल एक चौकार नेमका तिथून गेला तर त्याला शिवीही घातली.